दोन सूत ढिलं : नव्या जॉबरसाठी काही सूचना

यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांमधला जॉबर माणसं भरती करायचा, अडल्यानडल्याला व्याजाने पैसे द्यायचा आणि अख्खं खातं त्याला वचकून असायचं. सोलापूरच्या पूर्व भागात तो शब्द पोचेपर्यंत भरती गेली, व्याज गेलं, वचकही गेला. पाना तेवढा उरला. तो आता तुझ्या हातात देतोय. पस्तीस वर्षं वापरलाय, तोंड जरा फाकलंय, पण चालतो.

उद्या सकाळी तू पाळीवर जाशील, मग ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली असो की साखर पेठेतल्या एखाद्या घराच्या तळमजल्यावरची. तिथं तुला कुणी काही शिकवणार नाही. माणसं वाईट नाहीत. पण शिकवायचं म्हणजे माग थांबवावा लागतो, आणि थांबलेला माग कुणालाच परवडत नाही. मालकाला वीजबिल दिसतं. विणकराचं तर पोटच कापडाच्या मापावर: जेवढं विणलं तेवढी मजुरी. तू मागाखाली घुसलेला असताना तो कडेला उभा राहून तुझ्या पाठीकडे बघत असतो, आणि ती नजर पाठीला चटके देते. म्हणून घरूनच वाचून जा.

हत्यारांबद्दल

आधी माप शिक. आपले जुने माग इंचातले. इंचाचे आठ भाग करायचे, एका भागाला म्हणायचं सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. माझ्या पहिल्या दिवशी उस्तादांनी मागाखालून हात बाहेर काढून "पाच सूत दे बे" म्हटलं आणि मी धावत जाऊन सुताचा कोन आणून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो कोन बघितला, मला बघितलं, आणि पुढचे सहा महिने सगळा कारखाना मला 'कोन' म्हणून हाक मारत होता. आपल्या गावात सूत दोन प्रकारचं असतं. एक विणायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिलं तुटलं तर गाठ मारता येते. दुसरं चुकलं तर काय होतं ते पुढे सांगतो.

मिलीमीटरचा पाना इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो. बसत नाही. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीशिवाय निघत नाही. तुझ्या आधी जो जॉबर होता त्याने हे उद्योग करून ठेवलेले असतीलच. त्याला शिव्या घाल. तुझ्यानंतरचा तुला घालेल.

पाने, पक्कड, हातोडी, छिन्नी, चामड्याच्या वादीचे तुकडे, खडू आणि सुतळी. पिशवीत एवढं हवं. सुतळी सगळ्यात धोक्याची, तिच्यावर वेगळं बोलू. शिवाय पॅकिंगसाठी पुठ्ठा लागतो. बुश झिजला, ब्रॅकेट हलायला लागलं, की मध्ये पुठ्ठ्याची चकती सरकवून वेळ मारून नेतात. चांगला कडक पुठ्ठा कारखान्यात एकाच ठिकाणी मिळतो, जेकार्डच्या माळेत. तिथला घेऊ नकोस.

का, ते सांगतो. जोसेफ मारी जेकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमाराला लियाँ शहरात ही युक्ती बसवली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. भोक आहे तिथली सुई आत जाते, तो दोरा उचलला जातो. भोक नाही तिथला दोरा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याच्या आडव्या दोऱ्याची एक धाव. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुळात आपलाही एक दूरचा मामा आहे. सोलापुरी चादरीवरचा मोर या पुठ्ठ्यांत राहतो. तर आमच्याकडे एकाने घाईत माळेतून पाच-सहा पुठ्ठे ओढले, फाडून बेअरिंगखाली घातले, आणि माळ परत ओवून टाकली. माग झकास चालला. चादर उतरल्यावर लक्षात आलं की मोराची मान आखूड झालीय. साऱ्या मोरांची, सगळ्या चादरींवर, कारण माळ गोल फिरते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली चादर, आणि तिच्यावर कोंबडी. मालकाने तो माल कुठल्या बाजारात खपवला मला माहीत नाही.

वीज बंद करण्याबद्दल

बटण दाबून माग थांबला म्हणजे माग बंद झाला असं समजू नकोस. मोटारीचा फ्यूज काढ आणि खिशात घाल. पाटीवर, खिडकीत, चहाच्या टपरीवर ठेवू नकोस, खिशातच. तू मागाखाली असताना पाळी बदलते, नवा विणकर येतो, त्याला माग उभा दिसतो, त्याचा हात बटणाकडे जातो. त्यात त्याचा दोष नाही, उभा माग दिसला की आपल्या सगळ्यांचाच हात तिकडे जातो. फ्यूज तुझ्या खिशात असेल तर तो फार तर तुला शिव्या देईल. माझ्या उस्तादांच्या डाव्या करंगळीला दोनच पेरं होती. तिसरं कसं गेलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण फ्यूज काढल्यावर ते खिशावरून तो चाचपून बघायचे, दर पाच मिनिटांनी, देवाला हात लावावा तसा.

कपड्यांचंही सांगून ठेवतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलं होतं की चालू यंत्राच्या जवळ जाऊन तपासणी, तेलपाणी करायचं तर ते खास शिकलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे कारखानदाराने पुरवावेत. ज्याने हे कलम लिहिलं तो मे महिन्यात सोलापूरला आलेला दिसत नाही. बाहेर पारा ४३ वर, वर तापलेला पत्रा, आणि आत सगळी जनता बनियन-लुंगीवर. घट्ट कपडे कुणी पुरवल्याचं मी पाहिलं नाही. तरी कलम बरोबर होतं. लुंगीचा सोगा आणि खांद्यावरचा टॉवेल पट्ट्याला फार आवडतात. टॉवेल बनवणाऱ्या गावात माणूस टॉवेलनेच ओढला जावा याहून लाजिरवाणं काय असेल! लुंगी वर खोच, टॉवेल खुंटीला टांग, आणि दुरुस्ती झाल्यावर फ्यूज घालण्याआधी माग एकदा हाताने पूर्ण फेरा फिरवून बघ. कुठे अडतो ते हाताला कळतं. मोटारीला कळत नाही, ती तोडून पुढे जाते.

ऐकण्याबद्दल

हा या धंद्याचा गाभा आहे, तेव्हा इथे जरा थांब.

साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा, म्हणजे बाण्याची कांडी वाहणारं लाकूड, इकडून तिकडे मारतो. चोवीस मागांचा कारखाना धरला तर मिनिटाला चोवीसशे ते तीन हजार टोले. बाहेरून येणाऱ्याला तो एकच कल्लोळ वाटतो. दाराशी आलेला पाहुणा कानावर हात ठेवतो, तोंड हलवतो आणि परत जातो. वरच्या मजल्यावर मालकाचं बाळ मात्र निवांत झोपलेलं असतं. लाईट गेली आणि माग थांबले की ते दचकून उठतं.

तुला त्या तीन हजारांतला एक चुकीचा टोला ऐकायचाय. येतं ते. सहा-आठ महिन्यांत येतं, सायकल येते तसं, कुठल्या दिवशी आलं ते आठवत नाही. मग तू चहा पिता पिता म्हणशील, "सतराला बघा, पिकर गेला." पिकर म्हणजे धोट्याला ढकलणारा ठोकळा, पूर्वी तो म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असायचा, तेलात मुरवलेला, लोणच्यासारखा. त्यात धोट्याच्या टोकाने खड्डा पाडला की धोटा सरळ सुटत नाही. टोला आधी ओला येतो. 'टक्' ऐवजी 'थप्प'. पट्टा सैल झाला की टोल्याच्या आधी एक छोटा चापट मारल्याचा आवाज येतो. गिअरचा दात मोडला असेल तर ठराविक फेऱ्यांनी खड्ड्यात गेल्यासारखं 'खड्' होतं; दोन आवाजांमधले फेरे मोजलेस तर कुठल्या चाकाचा दात ते सांगता येतं, कारण वरचा क्रँकचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा फिरतो. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. उस्ताद डोळे मिटून मांडीवर बोटं आपटायचे, आणि मग थेट त्या चाकाकडे जायचे.

आवाज कळेना तर मागाच्या छातीच्या, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईवर तळवा ठेव. कानाला चकवणारा माग तळव्याला चकवत नाही.

मालक फोन करून सांगेल तो आवाज मात्र कधी खरा मानू नकोस. ते संभाषण असं असतं :

"मामा, माग बंद पडलाय ओ. या की जरा."

"काय झालंय?"

"आवाज येतोय."

"बंद पडलाय का आवाज येतोय?"

"आवाज येत होता तवा चालू होता की. आता कसला येतोय!"

"कसला आवाज होता?"

"मागाचा."

धोटा उडण्याबद्दल

नव्या जॉबरची पहिली परीक्षा हीच. अर्धा किलोच्या आसपासचं, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेलं लाकूड मागातून सुटतं आणि कुणाच्या तरी दिशेने जातं. सगळे ओरडतात. तू धावत येतोस, आणि तुला वाटतं की आता आपलं ज्ञान दाखवायची वेळ आली, टायमिंग बदलायला हवं.

टायमिंगला हात लावू नकोस. धोटा उडायला साध्या गोष्टी पुरतात. ताण्याचा, म्हणजे उभ्या दोऱ्यांतला, एखादा तुटलेला दोरा लोंबत असतो आणि वाटेत जाळं करतो. ताण्याचं तोंड पुरतं उघडत नाही. बाणा कापडाला ठोकणारी फणी आणि धोट्याची वाट एका रेषेत नसतात. धोट्याची पेटी सैल झालेली असते. पिकर झिजलेला असतो. आणि पुष्कळदा, खरोखर पुष्कळदा, एखादा बोल्ट दोन सूत ढिला असतो. तो आवळायला अर्धं मिनिट लागतं. पण अर्ध्या मिनिटात उठलास तर कुणाचा विश्वास बसत नाही. मालकाला वाटतं याने काही केलंच नाही, विणकराला वाटतं हा परत यायचा. माझा सल्ला : बोल्ट आवळून झाल्यावर आणखी दहा मिनिटं मागाखाली पडून राहा. थंड फरशी असते. वर येताना कपाळाला थोडं वंगण लाव.

टायमिंग मात्र एकदा हलवलंस की संपलं. धोटा लवकर सुटतो, म्हणून तू पिकिंग, म्हणजे धोटा मारायची वेळ, मागे नेतोस. मग तो उशिरा पोचतो, म्हणून तू जोर वाढवतोस. जोर वाढला म्हणून पिकर फुटतो. संध्याकाळपर्यंत तू असा माग तयार करतोस की जो बनवणाऱ्यालाही ओळखू येणार नाही, आणि तो दोन सूत ढिला बोल्ट तिथंच असतो, डुलत.

सुतळीबद्दल

मागाला दोन राखणदार असतात. धोटा वेळेवर पेटीत पोचला नाही तर एक दांडा खटक्यावर आदळतो आणि माग दाणकन जागच्या जागी उभा राहतो. अख्खी जमीन हादरते. बाण्याचा दोरा तुटला तर एक बारीक काटा ते ओळखतो आणि माग थांबवतो. दोघंही जुने झाले की उगाचच भुंकायला लागतात, कारण नसताना माग थांबवतात. विणकर वैतागतो. आणि मग कुणीतरी, बहुधा रात्रपाळीला, सुतळीचा तुकडा घेऊन त्या राखणदाराला बांधून टाकतं.

माग सुंदर चालतो. थांबतच नाही! सगळे खूश. मग एका रात्री धोटा मधेच अडकतो, फणी त्याच्यावर येऊन बसते, आणि ताण्याचे शेकडो दोरे एका दमात तुटतात. ते सांधायला बसलेल्या माणसाचं तोंड सकाळी बघ. सुतळी ज्याने बांधली तो त्या दिवशी रजेवर असतो.

नव्या कारखान्यात गेल्यावर पहिल्या दिवशी एवढंच काम कर : प्रत्येक माग बघ आणि सुतळ्या मोज. मशीन तपासायची गरज नाही. जितक्या सुतळ्या तितकी भानगड. विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींचे कारखाने या देशात काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. त्यांचं नाव मी अभिमानाने घेतो. पण गावातला माग अजून सुतळीवर आहे हेही लिहून ठेवतो.

टॉवेलच्या मागाबद्दल थोडं जास्त

चादरीनंतर आपलं गाव टर्किश टॉवेलवर जगलं. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तुर्कस्तानात लूपवाला टॉवेल पाहिला आणि पुढे इंग्लंडात तो मागावर उतरला, म्हणून तुर्की हे नाव चिकटलं. आता तुर्काचा संबंध फक्त नावापुरता.

या मागाला दोन बीम असतात. खालच्याचा ताणा कडक, तो पोत धरतो. वरच्याचा ढिला, तो लूप देतो. बाण्याच्या पहिल्या दोन धावा फणी कापडापासून थोड्या अंतरावर सोडून देते. तिसऱ्या धावेला ती तिन्ही दोरे एकदम कापडापर्यंत रेटते. कडक ताणा जागेवर राहतो, ढिला ताणा पुढे येऊन दुमडतो, आणि अंग पुसायला लूप तयार होतो. दोन ढिल्या, एक कडक. संसार यावरच चालतो असं उस्ताद म्हणायचे. त्यांची बायको ऐकत असेल तर म्हणायचे नाहीत.

फणीचं हे मागे-पुढे झिजलं, कुठे दोन सूत गेलं, की लूप आखूड होतो. टॉवेल दिसतो तसाच, पण वजनाला उतरतो, आणि टॉवेलचा सौदा वजनावर असतो. मग गाठ तुझ्याशी. व्यापारी मालकाला बोलतो, मालक तुला. सूत हलकं आलं असेल, साइजिंग, म्हणजे ताण्याची खळ, कच्चं असेल, वरच्या बीमचं वजन विणकराने गुपचूप बदललं असेल, तरी शोध तुझ्यापासूनच सुरू होतो. आपली कोरडी हवाही त्यात भर घालते. उन्हाळ्यात सूत कडकड तुटतं, हवेत ओल हवी म्हणून जमिनीवर पाणी मारावं लागतं. आणि नळाला पाणी येतं काही दिवसांआड. एका मालकिणीने मला विचारलं होतं, "मामा, पाणी मागाला मारू का वरणाला ठेवू?" यांत्रिक बिघाडांच्या यादीत मी हा प्रश्न घातलाय, कारण त्याचं उत्तर पान्यात नाही.

तेलाबद्दल

थोडं आणि रोज. लोक करतात काय, तर महिनाभर विसरतात आणि मग माग किंचाळायला लागला की अर्धा डबा ओततात. ते तेल उडून पांढऱ्या टॉवेलवर बसतं आणि गठ्ठ्यातला तेवढा माल सेकंडमध्ये जातो. तेलाची भोकं कापसाच्या उडणीने बुजलेली असतात. वरून ओतलेलं तेल आत जातच नाही, बाहेरून ओघळतं. आधी तारेने भोक मोकळं कर. उडण झाडून काढ. तेलात भिजलेल्या कापसाला ठिणगी पुरते. एवढं बास.

ओव्हरहॉलबद्दल

माग पूर्ण उघडून, बुश-बेअरिंग बदलून, दात तपासून, पाणसळीने समपातळीत बसवून परत जोडणे याला ओव्हरहॉल म्हणतात. मालकाकडे हा विषय काढलास की तो म्हणेल, "दसऱ्याला बघू."

खंडेनवमीला माग खरोखरच थांबतात. घासतात, पुसतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, लिंबू बांधतात. वर्षात त्या एकाच दिवशी मागाच्या साच्याचा मूळ रंग दिसतो, आणि तूही आंघोळ करून आलेला असतोस, त्यामुळे माग आणि जॉबर एकमेकांना ओळखत नाहीत. पण त्या दिवशी पान्याचीही पूजा झालेली असते. पाना उचलायचा नाही. म्हणजे ओव्हरहॉल नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, विणकरांचा सगळा पद्मशाली समाज रस्त्यावर असतो, तेव्हा कारखान्यात कुत्रंही नसतं. तेव्हाही नाही. गड्ड्याच्या जत्रेत तर नावच नको.

खरा ओव्हरहॉल मी फक्त भारनियमनाच्या दिवसांत केला. सगळं गाव वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत होतं आणि मी मेणबत्ती लावून चोवीसपैकी अकरा माग उघडून नीट केले. त्या वर्षी आमच्याकडे धोटा उडाल्याचं आठवत नाही. मालकाने दिवाळीला विचारलं, "मामा, यंदा तुम्ही काम काय केलं? माग तर कधी बंदच पडला नाही." तेव्हापासून मला या धंद्याचा हिशेब कळला. बिघडलेला माग चालू केला तर चहा येतो. बिघडूच दिला नाही तर पगाराबद्दल शंका येते. तू काय करायचं ते तू ठरव; मी चहा फार प्यायलो आहे.

जे आपलं काम नाही त्याबद्दल

कधीकधी माग ठणठणीत असतो आणि कारखाना बंद पडतो. तिथे खाली घुसू नकोस. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो माणसं घरी बसली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली, चिरंजीतलाल चौधरी नावाचा भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबर १९५० मध्ये निकाल लागला. देशभरची वकिलीची पोरं आजही राज्यघटना शिकताना तो खटला वाचतात. सोलापूर कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं. सरकारने ताबा घेताना कारण दिलं होतं ते कारभार बिघडल्याचं. बुश, बेअरिंग, पिकर यांचा त्यात उल्लेख नाही. माझ्या उस्तादांनी उमेदवारी याच गावातल्या गिरण्यांत केली, आणि गिरण्या एकेक करून मिटल्या तेव्हा ते पाना घेऊन पूर्व भागात आले. "मशीन कधी दगा देत नाही बे," ते म्हणायचे, आणि लगेच करंगळी मुठीत लपवायचे.

नव्या मागांबद्दल

१९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा योजना आली, पुढे रेपियर माग आले. त्यांत धोटाच नाही. दोन पात्यांचे हात दोरा एकमेकांच्या हाती देतात. पुठ्ठ्यांची माळ गेली, मोर पेनड्राइव्हमधून येतो आणि त्याची मान कुणी फाडू शकत नाही. दोरा तुटला की माग आपणहून थांबतो, पडद्यावर आकडा दाखवतो, आणि इंजिनिअर पुण्याहून फोनवर सांगतो की तो आकडा म्हणजे काय. माझ्या वयाचे जॉबर या मागांना नावं ठेवतात. ऐकू नकोस. माग चांगले आहेत. कापड सरळ येतं, बोटं शाबूत राहतात, संधी मिळाली तर तेच शीक. एक कार्ड जळलं तर नवं येईपर्यंत आठवडाभर माग उभा राहतो आणि सुतळीने काही बांधता येत नाही, एवढंच त्यांचं न्यून. जुना माग बाहेर काढतात तेव्हा तो भंगारवाल्याकडे किलोवर जातो. वजनाला उभं राहू नकोस. मी एकदा राहिलो होतो.

शेवटची सूचना, जी पहिली असायला हवी होती

मागाच्या खात्यात सतत ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती, शिशाची विषबाधा, सिलिकोसिस वगैरे. गोंगाटाने येणारं बहिरेपणही त्यात होतं. डॉक्टरने ते कळवायचं असतं. पण बहिरा होणारा माणूस डॉक्टरकडे जात नाही. त्याला वाटतं, हल्ली लोकच हळू बोलतात. आधी कांडी भरणाऱ्या अक्काचा आवाज जातो, मग नातवंडांचा, मग भांड्यांचा. माग सगळ्यात शेवटी जातो. मला अजून ऐकू येतो, रात्री, कारखाना बंद असताना.

ऐकण्यावर ज्या धंद्याचं पोट, तो आधी कानच खातो. म्हणून पहिल्या दिवसापासून कानात बोळे घाल. दुकानात रबरी मिळतात, स्वस्त आहेत. नाही मिळाले तर खाली वाकून जमिनीवरचा कापूस उचल, गावात कमी नाही. पुरतं अडवत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. विणकर हसतील, मालक म्हणेल "मामा, असं कानात बोळं घालून बिघाड कसा कळायचा?" त्याला तळवा दाखव आणि तुळईवर ठेव. बोळ्यातूनही चुकीचा टोला कळतो, कारण तो वेगळा असतो. हे मला चाळीशीत कळलं. उशीर झाला होता.

काही अडलं तर माझा नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला लिहिलाय. फोन करू नकोस, मेसेज टाक.